कोणते गुण धरायचे?

दहावीच्या गुणपत्रिकेवर सहा विषयांचे गुण असतात, आणि निकाल लागल्यावर मुलांच्या तोंडी एक टक्केवारी असते. ही टक्केवारी सहा विषयांची नसते, पाचांची असते. ज्या विषयात सर्वांत कमी गुण पडले तो विषय बाजूला ठेवून उरलेल्या पाचांची बेरीज ५००पैकी केलेली असते. शाळेत ह्याला सगळे ‘बेस्ट ऑफ फाईव्ह’ म्हणतात. पद्धत आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी आणि कशी आली, हे नवव्या-दहाव्या वर्गाच्या शिक्षकांनाही आठवावे लागते. मुलांना तर ती निसर्गनियमासारखी वाटते.

प्रश्न साधा आहे. मुलाने अनेक परीक्षा दिल्या, अनेक विषयांत गुण मिळवले. पुढच्या प्रवेशाच्या वेळी त्यांतले कोणते सांगायचे, कोणते मोजायचे, कोणते सोडून द्यायचे? आणि हे ठरवायचे कोणी? मुलाने, शाळेने, मंडळाने, की न्यायालयाने? महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत ह्या चौघांनीही आपापल्या परीने हे ठरवून पाहिले आहे. त्या गोष्टीत इतिहास आहे, थोडे गणित आहे, आणि पुष्कळ मुलांचे भवितव्य आहे.

ही गोष्ट आम्ही जव्हार आणि मोखाडा ह्या दोन तालुक्यांतून पाहणार आहोत. मुंबईतून ती अनेकदा सांगून झाली आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८मध्ये ते विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४पासून दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आहेत. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी. शेती भात, नागली, वरईची, म्हणजे पावसाळ्यापुरती. भात झोडून झाला की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर ‘जगायला’ जातात. हा शब्द तिथलाच आहे. मुले काही आईबापांबरोबर जातात, काही आश्रमशाळेत राहतात. दोन्ही तालुक्यांत रेल्वेचे स्थानक नाही. घरात वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलाला शाळेतली मराठी हीच पहिली परकी भाषा असते. हिंदी त्यानंतर येते आणि इंग्रजी त्याच्याही पुढे, बरीच लांब.

२०२५पर्यंत अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई महानगर, पुणे-पिंपरी, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांपुरता होता. जव्हारच्या मुलाने गुणपत्रिका घेऊन महाविद्यालयात जायचे, अर्ज भरायचा, नाव लागले की पैसे भरायचे, असे चालत असे. २०२५मध्ये ही पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. नऊ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालये आणि वीस लाखांहून अधिक जागा एकाच यादीत आल्या. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि मुलांना काही दिवस थांबावे लागले, ते असो. महत्त्वाचे हे की मोखाड्याच्या मुलाची टक्केवारी आता मुंबईच्या मुलाच्या टक्केवारीच्याच रकान्यात बसते. त्या रकान्यात कोणता आकडा यावा ह्यावरून जी भांडणे झाली, ती मोखाड्याला पूर्वी लांबची वाटली असतील. आता ती त्याचीही आहेत.

थोडे मागे जाऊ. मुंबई विद्यापीठ १८५७मध्ये स्थापन झाले आणि १८५९मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. शंभराहून अधिक मुले बसली, उत्तीर्ण झाली वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ह्या परीक्षेत निवडीला वाव नव्हता. प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हायचे, एकात गडगडले की सगळ्यांत गडगडले. किती घरांतल्या कर्त्या मुलांचे शिक्षण एका गणितापायी किंवा एका इंग्रजीपायी थांबले ह्याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण ‘नॉन-मॅट्रिक’ हा शब्द मराठीत कायमचा राहून गेला. पुढे १९४८च्या कायद्याने मुंबई प्रांतात एस.एस.सी.चे परीक्षा मंडळ आले. १९६५च्या कायद्याने आजचे राज्य मंडळ आले. १९७५पासून अकरावीच्या जागी दहावीची परीक्षा सुरू झाली. नावे बदलली, वर्षे बदलली, बेरीज मात्र सगळ्या विषयांचीच राहिली.

बेरजेवरचा विश्वास किती असावा, हा प्रश्न शास्त्रज्ञांना फार पूर्वी पडला होता. १८८८मध्ये एजवर्थ ह्या संख्याशास्त्रज्ञाने परीक्षांच्या गुणांकडे खगोलशास्त्रातल्या निरीक्षणांसारखे पाहिले. ताऱ्याचे स्थान दहा वेळा मोजले तर दहा थोडे वेगळे आकडे येतात. उत्तरपत्रिकेचेही तसेच, असे त्याने दाखवले. १९३५मध्ये हार्टोग आणि ऱ्होड्स ह्यांनी ह्याचा प्रत्यक्ष प्रयोग प्रसिद्ध केला. हे फिलिप हार्टोग भारतातल्या शिक्षणावर १९२९मध्ये अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका घेतल्या. पूर्वी त्या सगळ्यांना सारखेच मध्यम गुण मिळालेले होते. अनुभवी परीक्षकांनी त्या स्वतंत्रपणे तपासल्या. वर्ष-दीड वर्षाने त्यांपैकी चौदा परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला दिल्या. म्हणजे २१० निकाल दोनदा दिले गेले. त्यांपैकी ९२ निकाल दुसऱ्या वेळी बदलले. परीक्षक तेच, उत्तरे तीच.

आमचा दिवस मोजमापात जातो, त्यामुळे ह्यात आम्हाला धक्का बसण्यासारखे काही वाटत नाही. कोणत्याही मापाला चूक चिकटलेली असते. प्रयोगशाळेत मात्र एक पथ्य असते. आलेल्या वाचनांपैकी कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे, हे वाचन पाहण्याआधी ठरवायचे. पाहिल्यानंतर ठरवले की आपल्याला हवे ते उत्तर मिळू लागते. प्रवेशाच्या बाबतीत महाराष्ट्राने हे पथ्य पाळले का, हे आता पाहू.

२००८च्या आसपास मुंबईतली तक्रार अशी होती. राज्य मंडळाचे विद्यार्थी बहुसंख्य. पण नामांकित महाविद्यालयांतल्या जागांवर आय.सी.एस.ई. आणि सी.बी.एस.ई. ह्या मंडळांचे विद्यार्थी त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त दिसतात. कारण त्या मंडळांत गुण सढळ मिळतात, आणि गुणांची बेरीजही ती मंडळे आपल्या पद्धतीने करतात. तक्रारीत तथ्य होते का? दोन वेगळ्या फुटपट्ट्यांनी मोजलेल्या लांब्या शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, एवढे तरी तथ्य नक्की होते. मग फुटपट्ट्या जुळवायच्या कशा?

पहिला उपाय ‘पर्सेंटाइल’चा. राज्य शासनाने २००८मध्ये ठरवले की प्रत्येक मंडळाच्या पहिल्या दहा विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढायची आणि ती शंभर मानून बाकीच्यांचे गुण मोजायचे. समजा, एका मंडळाच्या पहिल्या दहांची सरासरी ९६ आहे आणि दुसऱ्याची ९८. तर ८५ टक्के मिळवणाऱ्या पहिल्या मंडळाच्या मुलाचे ८५ भागिले ९६, म्हणजे ८८.५ होतील, आणि दुसऱ्याचे ८५ भागिले ९८, म्हणजे ८६.७. प्रवेशाच्या रांगेत दीड-दोन टक्के म्हणजे शेकडो मुले पुढे किंवा मागे.

इथे शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ह्या पद्धतीला पर्सेंटाइल हे नाव दिले गेले, पण ती पर्सेंटाइल नव्हती. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या इतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे शेकडा किती, हा आकडा. त्यासाठी सगळ्या विद्यार्थ्यांची मांडणी लागते. पहिल्या दहांवरून सगळ्या मंडळाची उंची ठरवणे म्हणजे गावातल्या दहा उंच माणसांवरून गावाची उंची सांगण्यासारखे आहे. त्यात आणखी एक खोच आहे. गाव जितके मोठे, तितके त्यातले पहिले दहा अधिक उंच निघतात, गावाची सरासरी उंची तेवढीच असली तरी. राज्य मंडळाच्या परीक्षेला लाखो मुले बसतात. दुसऱ्या मंडळांची राज्यातली संख्या त्या मानाने फारच थोडी. त्यामुळे ह्या सूत्राचा परिणाम मंडळाच्या कडकपणावर जितका, तितकाच त्याच्या आकारावर अवलंबून राहणार होता. उच्च न्यायालयाने जुलै २००८मध्ये हे सूत्र रद्द केले. न्यायालयासमोर प्रश्न कायद्याचा होता. पण आम्हाला विचाराल तर गणिताच्या कसोटीवरही ते टिकले नसते.

दुसरा उपाय २००९चा, आणि तो अगदी थेट होता. नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना, दहा टक्के इतरांना. गुण जुळवण्याची भानगडच नको. हाही जुलै २००९मध्ये उच्च न्यायालयात टिकला नाही. त्याच वर्षी मुंबईत अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सुरू झाला. त्यामुळे गोंधळ दुप्पट झाला, हे त्या वर्षी मुंबईत दहावीला शिकवणाऱ्या शिक्षकांना चांगले आठवत असेल.

तिसरा उपाय फेब्रुवारी २०१०चा. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांचे सर्वांत चांगले पाच विषय धरायचे. जून २०१०मध्ये उच्च न्यायालयाने हाही निर्णय रद्द केला. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०१०मध्ये तिथे ‘बेस्ट ऑफ फाईव्ह’ वैध ठरले. तीन वर्षांत तीन सूत्रे. दोन बुडाली, तिसरे काठाला लागले. लाखो मुलांनी ते तीन जून-जुलै आपला आकडा नेमका कोणता, ह्या विवंचनेत काढले. तिसऱ्या सूत्राची परीक्षा तर मार्चमध्येच होऊन गेली होती. निदान नियम परीक्षेच्या आधी जाहीर झाला होता, एवढे पथ्य पाळले गेले असे म्हणता येईल.

आता थोडे बीजगणित. सहा विषयांची सरासरी ‘स’ आणि सर्वांत कमी गुण ‘क’ मानू. सहांची बेरीज ६स. त्यातून क वजा करून पाचने भागले की नवी सरासरी मिळते: (६स − क) ÷ ५. हे थोडे हलवले की स + (स − क) ÷ ५ असे होते. म्हणजे सरासरी आणि सर्वांत कमी गुण ह्यांतल्या अंतराचा पाचवा हिस्सा, एवढा मुलाचा फायदा. दहावीच्या वर्गात हे फळ्यावर करून दाखवायला दहा मिनिटे पुरतात, आणि मुलांना त्यात रस वाटतो, कारण ते त्यांचेच गुण असतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मोखाड्याच्या एका मुलीला मराठीत ७८, हिंदीत ७४, इंग्रजीत ४१, गणितात ६२, विज्ञानात ६८, सामाजिक शास्त्रांत ७३ गुण आहेत. बेरीज ३९६, सरासरी ६६. शहरातल्या एका मुलाला सगळ्या विषयांत साधारण सारखेच, ६८, ६९, ६६, ७०, ७१, ७०. बेरीज ४१४, सरासरी ६९. जुन्या पद्धतीत मुलगा तीन टक्क्यांनी पुढे. आता प्रत्येकाचा सर्वांत कमी विषय काढू. मुलीचे इंग्रजीचे ४१ गेले, उरले ५००पैकी ३५५, म्हणजे ७१ टक्के. मुलाचे ६६ गेले, उरले ३४८, म्हणजे ६९.६. आता मुलगी पुढे. तिचा फायदा पाच, त्याचा सहा दशांश.

ज्याचे गुण उंचसखल त्याला फायदा जास्त. ज्याचे सपाट त्याला जवळजवळ काही नाही. आणि गुण उंचसखल का असतात? घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, शिकवणी नाही, शाळेत इंग्रजीचे किंवा गणिताचे शिक्षक वर्षभर मिळाले नाहीत, आईबाप भट्टीवर असताना दोन महिने शाळा बुडाली, अशा कारणांचा खड्डा बहुधा एखाद्या विषयात खोल पडतो. शहरात मंडळामंडळांच्या भांडणातून जन्माला आलेले हे सूत्र डोंगरातल्या मुलांच्या उपयोगी पडते. ते त्यांच्यासाठी कोणी बनवले नव्हते. आम्हाला ह्या गोष्टीतला हा भाग सर्वांत आवडतो.

पण त्याची दुसरी बाजूही फळ्यावर मांडली पाहिजे. दुसऱ्या एका काल्पनिक मुलाचे गुण पाहा. मराठी ८०, हिंदी ७८, इंग्रजी ७०, गणित ३६, विज्ञान ६६, सामाजिक शास्त्रे ७८. सरासरी ६८, पाच विषयांची ७४.४. हा मुलगा ७४.४ टक्क्यांवर विज्ञान शाखेत आरामात जाईल. प्रवेशाच्या यादीत त्याचे ३६ गुण कोणाला दिसणार नाहीत. त्याला स्वतःलाही ते विसरायला झालेले असेल, कारण घरी, गावात, बस थांब्यावर सगळे त्याला ७४चा मुलगा म्हणून ओळखू लागलेले असतात. नोव्हेंबरात अकरावीच्या भौतिकीत सदिश आणि त्रिकोणमिती येते तेव्हा तो ३६चा आकडा परत हजर होतो. त्या वेळी त्याच्याजवळ सांगणारे कोणी नसते. निकालाच्या दिवशी त्याचे शिक्षक मात्र जवळ असतात.

म्हणून टक्केवारी आणि गुणपत्रिका ह्या दोन वेगळ्या कामांच्या वस्तू आहेत असे आम्ही मानतो. टक्केवारीने रांगेतली जागा ठरते. पुढचे दोन वर्षे काय शिकायला अवघड जाईल ते गुणपत्रिका सांगते, आणि तिथे सहावा विषयच सर्वांत बोलका असतो.

आता परदेशात जरा डोकावू. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी एस.ए.टी. ही प्रमाणित चाचणी १९२६पासून आहे. ती अनेकदा देता येते. सगळ्या वेळचे गुण महाविद्यालयाला कळवायचे, की आपल्याला हवे तेच, हा तिथला जुना वाद. २००९पासून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने विद्यार्थ्याला निवडीची मुभा दिली. काही महाविद्यालये मात्र सगळे गुण पाहू इच्छितात. काही आणखी उदार आहेत. एका वेळचे गणित आणि दुसऱ्या वेळची भाषा, असे चांगले चांगले तुकडे ती स्वतःच जोडून घेतात. बोडन नावाच्या महाविद्यालयाने तर १९६९मध्येच चाचणीचे गुण कळवायचे की नाही हेच विद्यार्थ्यावर सोपवले. २०२०च्या साथीत बहुतेकांनी तसे केले. मग २०२२मध्ये एम.आय.टी.ने चाचणी पुन्हा सक्तीची केली. साधनसंपत्ती नसलेल्या शाळांतली हुशार मुले चाचणीच्या गुणांमुळेच आम्हाला ओळखता येतात, असे त्यांचे म्हणणे. वाद संपलेला नाही.

‘अनेकदा द्या, चांगले तेवढे धरू’ ही पद्धत आपल्याकडेही आली आहे. जे.ई.ई. मेन २०१९पासून वर्षातून दोनदा होते (२०२१मध्ये चारदा झाली) आणि त्यांतला चांगला गुणांक धरला जातो. राज्याची अभियांत्रिकी व औषधनिर्माणाची सामाईक परीक्षाही २०२६पासून दोनदा घेण्याचे २०२५मध्ये जाहीर झाले. पहिली सगळ्यांना, दुसरी ऐच्छिक, चांगले ते गुण ग्राह्य.

हे ऐकायला दयाळू वाटते, आणि बऱ्याच अंशी ते आहेही. एका दिवसाच्या तापाने वर्ष जाऊ नये. पण एजवर्थची आठवण ठेवली पाहिजे. प्रत्येक मापाला चूक चिकटलेली असते. कधी अधिक, कधी उणे. दोन मापांची सरासरी घेतली तर चूक कमी होते. दोन मापांतले मोठे घेतले तर चूक वरच्या बाजूला झुकते. किती? चुका घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरल्या असतील आणि त्यांचे प्रमाण-विचलन पाच गुणांचे असेल, तर दोनदा परीक्षा देऊन मोठा आकडा धरणाऱ्याला सरासरी २.८ गुण अधिक मिळतात. चारदा देणाऱ्याला ५.१. ह्यासाठी अभ्यास एका पानानेही वाढलेला असण्याची गरज नाही.

म्हणजे दुसऱ्यांदा परीक्षा देणे ही एक मिळकत आहे, आणि ती विकत घ्यावी लागते. शुल्क भरावे लागते, संगणकावरची परीक्षा असेल तर बहुधा तालुक्याबाहेर जावे लागते, आदल्या दिवशी मुक्काम करावा लागतो, सोबत कोणी मोठे माणूस हवे, आणि त्या माणसाची दोन दिवसांची मजुरी बुडते. शिवाय एप्रिल-मे म्हणजे भट्टीचा हंगाम. शहरातले कूटुंब दुसरी संधी सहसा सोडणार नाही. खोडाळ्याच्या किंवा सूर्यमाळच्या घरात तिच्यावर चर्चा होईल.

इथे ‘बेस्ट ऑफ फाईव्ह’ आणि ‘दोनांतले चांगले’ ह्यांतला फरक नजरेत भरतो. पहिल्यात मुलाला काहीच करावे लागत नाही. नियम माहीत नसला, अर्ज भरणारे कोणी नसले, तरी संगणक सर्वांत कमी विषय आपोआप वगळतो. दुसऱ्यात संधी मुलाने उचलावी लागते. शैक्षणिक सवलत कोणापर्यंत पोचेल हे बऱ्याचदा ह्या एका तपशिलावर ठरते.

निवड मुलावर सोपवण्याचा सर्वांत कठोर प्रसंग २०१६चा. त्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वैद्यकीय प्रवेशासाठी नीट पुन्हा सक्तीची झाली. १ मे रोजी पहिला टप्पा, २४ जुलै रोजी दुसरा. ५ मे रोजी महाराष्ट्राची स्वतःची सामाईक परीक्षाही ठरलेलीच होती. मुलांनी तयारी केली होती राज्याच्या परीक्षेची. त्या वर्षी नीट इंग्रजी आणि हिंदीतच होती. २०१७मध्ये ती मराठीतूनही देता आली. न्यायालयाने सांगितले की पहिला टप्पा दिलेल्यांना दुसराही देता येईल, मात्र पहिल्यावरचा हक्क सोडावा लागेल. आणि पहिल्याचा निकाल अजून लागलेला नव्हता! किती गुण पडले हे न कळता ते सोडायचे की ठेवायचे, हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी ठरवायचे होते. मेअखेरीस निघालेल्या वटहुकुमाने राज्यांच्या शासकीय कोट्याला त्या वर्षापुरती सूट दिली आणि राज्याच्या परीक्षेचे गुण तिथे चालले. पण मधल्या आठवड्यांत कोणते गुण चालतील हे राज्यात कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते.

कोणते गुण धरायचे ह्याचा परिणाम किती मोठा असतो, हे २०१९ने वेगळ्या तऱ्हेने दाखवले. त्या वर्षी दहावीच्या भाषा विषयांचे शाळेकडचे तोंडी परीक्षेचे गुण बंद झाले. राज्याचा निकाल २०१८मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी शाळेकडचे गुण परत आले आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात मुले बारा टक्क्यांनी मठ्ठ होऊन दुसऱ्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली असे कोणी म्हणणार नाही.

२०२१मध्ये तर परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीतल्या वर्षभराच्या लेखी कामाला ३०, तोंडी व प्रात्यक्षिकाला २०, अशी गुणपत्रिका शाळांनी तयार केली आणि ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. अकरावीसाठी एक ऐच्छिक सामाईक परीक्षा २१ ऑगस्टला घ्यायचे ठरले. जे ती देतील त्यांना आधी प्रवेश, उरलेल्या जागा बाकीच्यांना. परीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होती. १० ऑगस्ट २०२१ला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कागदावर ऐच्छिक असलेली गोष्ट प्रत्यक्षात किती ऐच्छिक असते, हे त्या प्रकरणात पुन्हा दिसले.

गुण वाढवण्याच्या आणखी वाटा आहेत. खेळ, चित्रकला, शास्त्रीय कला, लोककला ह्यांचे सवलतीचे गुण मिळतात, आणि त्यांमुळे व पाच विषयांच्या बेरजेमुळे २०२५च्या दहावीत २११ मुलांना शंभर टक्के पडले. सवलतीच्या गुणांना प्रमाणपत्र लागते. जव्हारात तारपा उत्तम वाजवणारी मुले आहेत. पण तारपा घरात आणि नाचात शिकला जातो, तिथे कोणी प्रमाणपत्र देत नाही.

प्रवेशाच्या दिवसांत शिक्षकांनी काय करावे असे आम्हाला विचारले जाते. तीन कामे सुचतात. निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या गुणपत्रिकेवर वगळलेला विषय पेन्सिलने अधोरेखित करावा, आणि विज्ञान शाखेला निघालेल्या मुलाचा तो विषय गणित किंवा इंग्रजी असेल तर त्या उन्हाळ्यातच त्याला पुस्तक द्यावे. ऐच्छिक दुसऱ्या परीक्षांच्या तारखा आणि शुल्क शाळेच्या फळ्यावर पहिल्या परीक्षेच्याही आधी लिहावे, म्हणजे घरच्यांना पैशांची आणि सोबतीची जुळवाजुळव करायला वेळ मिळतो. आणि वर्गात फाशांचा एक प्रयोग करून घ्यावा.

वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटातल्या मुलाने फासा एकदा टाकायचा. दुसऱ्या गटातल्या मुलाने दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. ज्याचा आकडा मोठा त्याला प्रवेश. अशा पुष्कळ जोड्या लावा आणि नोंद फळ्यावर ठेवा. हिशोबाप्रमाणे दर २१६ जोड्यांत सरासरी १२५ वेळा दुसरा गट जिंकतो, ३६ वेळा बरोबरी होते, आणि ५५ वेळा पहिला गट जिंकतो. पहिल्या गटाची सरासरी ३.५ येते, दुसऱ्याची ४.४७. फासे दोन्ही गटांचे सारखेच आहेत, हे मुलांना आधी तपासून घेऊ द्या. मग दुसऱ्या गटाला चार वेळा टाकू द्या आणि सरासरी ५.२४च्या जवळ जाते का ते पाहा. फासे नसतील तर खडूच्या ठोकळ्यावर आकडे लिहूनही चालते, फक्त कडा सारख्या घासून घ्याव्या लागतात.